सातवी बादली

"जमिनीखालचं पाणी झाडाच्या काटकीला कळतं असं जो मानतो, तो माणसाच्या आजवरच्या साऱ्या विचारांवर पाणी सोडतो," असं मास्तरांनी एकतीस वर्षांपूर्वी शाळेच्या आवारात, दीडशे माणसांसमोर जाहीर केलं होतं. वाक्य आदल्या दिवशी आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलेलं होतं. मागच्यांनाही दिसावं म्हणून मास्तर एका पालथ्या पत्र्याच्या बादलीवर उभे होते. 'सोडतो'मधल्या 'तो'वर बादलीनं कट् असा आवाज केला आणि मास्तर इंचभर खाली गेले. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. मास्तर शांतपणे उतरले, बादली सरळ केली, आणि प्रयोगाला सुरुवात झाली.

प्रयोग चोख होता. दहा घरांतून दहा बादल्या मागून आणल्या होत्या. कोणती भरायची, कोणती रिकामी ठेवायची, हे शाळेच्या कारकुनानं नाणं उडवून ठरवलं, बादल्यांवर खोकी पालथी घातली आणि यादी पाकिटात घालून चिकटवली. मास्तर तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून उभे होते, म्हणजे चेहऱ्यावरून काही फुटायला नको. मग फाटकाबाहेर दूर, पाठ करून बसवलेल्या पाणाड्याला आत घेतलं. तो हातात दुफाटी काटकीची बेचकी धरून प्रत्येक खोक्यापाशी रेंगाळला आणि 'भरलेली', 'रिकामी' असं सांगत गेला. यात सव्वा तास गेला. मास्तरांनी पाकीट फोडलं आणि यादी वाचून दाखवली. दहापैकी चार बरोबर. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे पांगले. खोकी उचलून बघायचं कुणाला सुचलं नाही. कागदावर लिहिलेलं होतं ना.

संध्याकाळी बादल्या ज्यांच्या त्यांना पोचवायच्या म्हणून मास्तरांनी स्वतः खोकी उचलली. सातव्या खोक्याखालची बादली कोरडी ठणठणीत होती आणि तिच्याखाली ताटाएवढा ओला डाग होता. यादीत ती भरलेली होती. पाणाड्या तिला रिकामी म्हणाला होता. बादली पालथी केली तर तळाचा सांधा उकलला होता, नेमका मास्तरांच्या डाव्या टाचेच्या आकारात.

म्हणजे चार नव्हे, पाच. पण दहात पाच म्हणजे तरी काय? नाणं उडवणाऱ्यालाही तेवढे मिळतात. काटकीच्या बाजूनं त्यातून काडीचंही सिद्ध होत नव्हतं. मास्तरांनी शास्त्राला स्मरून असा विचार केला आणि शाळेच्या वार्षिकांकात चारच छापून आलं. गावानं पाणाड्याचं नाव 'चारदहा' ठेवलं आणि विहीर खणायची वेळ आली की त्यालाच बोलावत राहिलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण सातवी बादली पाणाड्याच्याच घरची होती. काठाला हिरवा पट्टा असलेली. ती आणून दिली होती त्याच्या थोरल्या बहिणीनं.

ही बहीण तेव्हा ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसे. मास्तर दर गुरुवारी तिच्याकडून पुस्तक नेत आणि पुढच्या गुरुवारी न वाचता परत करत. सगळं गाव तिला ताई म्हणे. मास्तरांना ते परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून ते तिला काहीच म्हणत नसत. मास्तरांची आत्या तिच्या घरी दोनदा जाऊन आली होती, बोलणी अर्ध्यावर आली होती. मग प्रयोग झाला. मास्तरांनी ठरवलं, बादली द्यायला जायचं आणि काय झालं ते सांगायचं. पहिल्या गुरुवारी धीर झाला नाही. दुसऱ्या गुरुवारी वाटलं, तीच मागेल, मग सांगू. तिनं मागितली नाही. आत्याही तिसऱ्यांदा गेली नाही; तिला पायऱ्या चढवत नव्हत्या. पुढच्या वर्षी ताईचं लग्न दूरच्या एका पोस्टमास्तरांशी झालं. मास्तरांनी लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणत, वेळच मिळाला नाही. ते रोज साडेपाचला घरी येऊन पडत, आणि बादली जिन्याखाली उभी असे.

आता पोस्टमास्तर जाऊन सहा वर्षं झाली होती आणि ताई भावाकडे राहायला आली होती. ही बातमी मास्तरांना न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धी दाढी झालेली असताना कळली. उरलेली अर्धी दाढी त्यांना आठवत नाही. महिनाभर ते त्या गल्लीच्या तोंडापर्यंत फिरायला जात आणि तिथून, काहीतरी घरी विसरल्यासारखे, परत फिरत. रिकाम्या हातानं जायचं कसं? आणि बादली घेऊन जायचं तर त्याहून कसं? शेवटी त्यांनी निरोप पाठवला: परसात विहीर खणायची आहे, पाणाड्याला पाठवा.

शेजारच्या वकिलांनी हे ऐकलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

पाणाड्या दुसऱ्याच दिवशी आला. केस पिकले होते, बेचकी नवी होती. परसात येऊन त्यानं आधी नळाकडे पाहिलं.

"नळ आहे की तुमच्याकडे, मास्तर."

"नळाचं पाणी जड आहे."

"अहो, अख्खं गाव तेच पितं."

"म्हणून तर गाव असं आहे."

पाणाड्यानं वाद घातला नाही. बेचकीची दोन टोकं मुठीत धरून तो परसात या कडेपासून त्या कडेपर्यंत चालला. कपडे वाळत घालायच्या तारेखाली बेचकी खाली वळली. त्यानं तिथं पायानं एक धोंडा सरकवला.

"हिला तुझं मनगट वळवतं," मास्तर म्हणाले. सवय जात नाही.

"असेल. मला कळत नाही कशानं वळते. पण खणू नका अजून. आधी ताई येऊन बघून जाईल."

मास्तरांनी तारेवरचा वाळलेला टॉवेल उगाच सारखा केला. "त्या कशाला?"

"पाणी तीच सांगते की. पहिल्यापासून. आजूबाजूच्या विहिरी बघते, दोर सोडून खोली मोजते, घराघरांत विचारून येते. लग्न होऊन गेली तेव्हा मी पत्रानं कळवायचो, ती पत्रानं सांगायची. मी नुसता चालतो."

"मग ही काटकी?"

"ती गिऱ्हाइकासाठी. ताईनं सांगितलं तर म्हणतात, बाईमाणसाला काय कळतं. काटकीनं सांगितलं की खणतात."

मास्तरांनी जन्मभर काटकीवर पाच व्याख्यानं आणि एक लेख खर्ची घातला होता. त्यात हा मुद्दा कुठंच आला नव्हता.

"आणि शाळेतल्या वेळी?"

"तेव्हा तिला तुम्ही आत कुठं सोडलंत? फाटकाबाहेर उभी होती सगळा वेळ."

"नातेवाइकांना मज्जाव होता. नियमच होता तसा."

"कुणाचा?"

"माझा."

पाणाड्या हसला. "ती आत असती तरी काय करणार होती म्हणा, खोक्यात कुठली विहीर. मी तर येणारच नव्हतो, मास्तर. तीच म्हणाली, जा. माणूस सरळ आहे, जे होईल ते लिहील."

तो बेचकी पिशवीत घालून निघून गेला. मास्तरांनी आत जाऊन कुदळ आणली. ताई येईपर्यंत तीन दिवस होते आणि नुसता धोंडा बघून विहीर खणायचीच आहे यावर कुणाचा विश्वास बसला नसता. तिसऱ्या दिवशी तारेखाली गुडघाभर खड्डा झाला आणि मास्तरांना मोज्यांपर्यंत वाकता येईनासं झालं.

वकील भिंतीवरून म्हणाले, "काय लावताय, मास्तर? आंबा?"

ताई सकाळी दहाला आली. मास्तर आठपासून तयार होते. चहाचं आधण दोनदा आटलं होतं. वाक्य आरशासमोर चार वेळा म्हणून झालं होतं: 'एका जुन्या चुकीची दुरुस्ती करायची परवानगी मागतो.' पण ताई मास्तरांच्या फाटकावरून सरळ पुढे गेली आणि वकिलांच्या अंगणात शिरली. हातात मिटलेली छत्री, खांद्याला कापडी पिशवी. पाठमोरी ती होती तशीच होती. केस तेवढे कुणीतरी बदलून ठेवल्यासारखे वाटले.

भिंतीपलीकडून आवाज येऊ लागला. मास्तर खड्ड्याशेजारी उभे राहून ऐकू लागले.

"सकाळी किती बादल्या काढल्या की दोर लांबवावा लागतो?"

"मोजल्या नाहीत हो, ताई."

"घरात कोण काढतं?"

"सून."

"तिला बोलवा. तुम्ही आत बसा."

सुनेला सगळं ठाऊक होतं. अकरा. उन्हाळ्यात सहा. तळ कधी दिसतो, पाणी कुठल्या अंगानं झिरपतं, चव कुठल्या महिन्यात बदलते. मध्येच गाठी मारलेला दोर पाण्यात सोडल्याचा डुबुक आवाज आला आणि ताईचा आवाज हळूहळू गाठी मोजत राहिला. त्या आवाजात मास्तरांनी पूर्वी फक्त पुस्तकांची मुदत ऐकली होती. आपण पाण्याविषयी जन्मात कुणाला एवढा साधा प्रश्न विचारला नाही, असं त्यांच्या मनात आलं. मग दुसरं आलं, की हिलाही विचारला नाही. कसलाच.

तासाभरानं ती परसात आली.

"चहा?" मास्तर म्हणाले. तयार केलेल्या वाक्यात हा शब्दच नव्हता.

"चालेल. साखर नको."

पूर्वी ती दोन चमचे घालायची. ग्रंथालयात साखरेची पुडी रजिस्टरखाली असायची. ती कधी सोडली, कुणी सोडायला लावली, तेव्हा तिनं किती दिवस तोंड वाकडं केलं, यातलं मास्तरांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी स्वतःच्याही कपात साखर घातली नाही.

ती खड्ड्याच्या काठावर वाकली, चिमूटभर माती बोटांवर चोळून पाहिली, धोंडा छत्रीच्या टोकानं हलवून पाहिला.

"इथं पाणी नाही," ती म्हणाली. "म्हणजे आहे, पण ते वकिलांचं आहे. त्यांच्या विहिरीत याच बाजूनं झिरपतं. तुम्ही खणलंत तर दोघांच्याही कोरड्या पडतील. बुजवून टाका."

मास्तरांनी खड्ड्याकडे पाहिलं. विहीर नाही म्हणजे दुसरी खेप नाही. दोर पिशवीत जाईल, कप खाली ठेवला जाईल, फाटक वाजेल.

"दुसरीकडे कुठं?" त्यांनी विचारलं. "पुढच्या बाजूला? घराखाली?"

"घराखाली?"

"घर जुनंच आहे."

तिनं त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "मास्तर, तुम्हाला पाणी हवंय का?"

"नाही."

"दिसतंय ते. नळ मघापासून वाहतोय."

मास्तरांनी जाऊन नळ बंद केला. पाठ तिच्याकडे होती, त्यामुळे बोलणं जरा सोपं झालं. एकतीस वर्षांपूर्वीही ते भिंतीकडेच तोंड करून उभे होते.

"सातवी बादली गळकी होती," ते नळाला म्हणाले. "माझ्या पायानं फुटली. तुझ्या... तुमच्या भावानं बरोबर सांगितलं होतं. मी संध्याकाळी पाहिलं. कुणाला सांगितलं नाही. चार नव्हते, पाच होते."

मागून कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"मला माहीत होतं."

"कसं?"

"फाटकातून दिसत होतात की. आमच्या बादलीवर चढून भाषण करत होतात. कट् झालं तेव्हा हसलेसुद्धा मी. पुढच्या रांगेतला तो एक पोरगाही हसला, पण आधी मी. आणि तीच बादली सातव्या जागी गेली, तेही दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी कशाला बोलू? वाटलं, तुम्ही याल. गुरुवारी आलात, पुस्तक दिलंत, गेलात. पुढच्या गुरुवारी वाटलं, आज. मग वार्षिकांक आला, त्यात चार." तिनं बोटांवरची माती झटकली. "तो अंक मीच नोंदवून कपाटात लावला."

"पाच असते तरी काही सिद्ध होत नव्हतं," मास्तर म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांना स्वतःचं वाक्य ऐकू आलं.

"सिद्ध करायला कोण सांगत होतं? सांगायला यायचं होतं तेवढं."

वकिलांच्या विहिरीवरचा रहाट कुरकुरला. सून बारावी बादली काढत असावी.

मास्तर वळले. त्यांना पुष्कळ म्हणायचं होतं. ते सरळ माणूस नव्हते, हे. न वाचलेली ती सगळी पुस्तकं निवृत्त झाल्यावर एकेक करून वाचली, हे. गल्लीच्या तोंडाशी काय विसरल्यासारखं वाटतं, हे. पण तोंडातून निघालं ते असं: "मी दुरुस्ती छापतो. शाळेच्या पुढच्या अंकात, माझ्या नावानिशी. पहिल्या पानावर. मी झालेलं सगळं..."

"छापू नका," ती म्हणाली. "तो अंक कोण वाचतं? बादली आहे का अजून?"

मास्तर आत गेले आणि जिन्याखालून बादली घेऊन आले. दर महिन्याला पुसलेली होती. काठाचा हिरवा पट्टा होता तसा होता. तिनं ती हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि तळाच्या फटीतून त्यांच्याकडे पाहिलं. फटीतून तिचा एकच डोळा दिसत होता. तो बराच वेळ तसाच होता. मास्तर हलले नाहीत.

मग तिनं बादली खाली घेतली.

"लिंबाचं रोप लावायचंय," ती म्हणाली. "भोक असलेली बादली कुठं मिळत नाही, आणि आपण पाडायला जावं तर पत्रा फाटतो. त्या खड्ड्यातली माती घाला हिच्यात, निम्म्यापर्यंत. मला उचलवणार नाही, तेव्हा घरी आणूनच द्या. आणि त्यातले खडे तेवढे काढा."