ओटा कुणी मागितलाच नाही

वीस वर्षं आम्ही मलावीच्या या राजधानीची, लिलाँग्वेची, धुणी धुतली, तिच्या इमारतींना विटा वाहिल्या, तिच्या मजुरांना न्याहारी घातली. पण ‘राहता कुठे?’ म्हणून विचारलं की ओढ्याकडे हात करायचा, एवढाच आमचा पत्ता. त्यामुळे आमच्या महिला गटाला घरांसाठी जमीन मिळाली त्या दिवशी मी रस्त्यातच नाचले. लोक बघत होते, बघू देत.

गटाची अध्यक्ष डोरिका. ती म्हणाली, "घर कसं हवं ते आपणच ठरवायचं. आणि कागदावर नाही हं. कागदावरचं मला कळत नाही, तुम्हालाही कळत नाही. उगाच माना डोलवू नका."

म्हणून शनिवारी फुटबॉलच्या मैदानावर बांबू रोवून खऱ्या मापाचं घर उभं केलं, कापडाचं. प्रत्येकीने कमरेला गुंडाळायचं ठेवणीतलं चितेंजे आणलं. एक भिंत माशांच्या छापाची, एक छत्र्यांच्या. संडासाला चर्चचं कापड आलं तेव्हा बाचाबाची झाली, मग ते स्वयंपाकघराला लावलं. दोन खोल्या, मोरी, आत नळ. दारापुढे चुन्याची रेघ, रेघेपलीकडे रस्ता.

आकडे घातलेली बाटल्यांची बुचं उचलून घरं आधीच वाटली होती. दोन रांगा, दोन्हींची तोंडं एकीकडेच. मला पुढच्या रांगेतलं शेवटचं घर, एलेसीला मागच्या रांगेतलं शेवटचं. ही एलेसी माझ्यासारखेच मांडासी तळते, गोड पिठाचे गोळे, आणि माझी गिऱ्हाइकं हाका मारून पळवते. तिच्या दारापुढे माझ्या घराची पाठ येणार होती. बघ म्हटलं जन्मभर.

दुपारी ढोल वाजले, वस्ती लोटली. जो तो घरात शिरायचा, भिंतींना हात लावायचा, "वा!" म्हणायचा आणि बाहेर येऊन दारापुढे बसायचा. कुणी वेण्या घालायला घेतल्या, कुणी शेंगा सोलायला. मीही तिथेच चूल मांडली. शहराचे इंजिनिअर कान्येंडासाहेब आले, तेव्हा घर रिकामं आणि बाहेर ही जत्रा.

"तुम्ही सगळे रस्त्यावर बसलाय," ते म्हणाले. "रेघ दिसत नाही का?"

आम्ही खाली बघितलं. खरंच की! खोल्या मागितल्या, नळ मागितला, खिडकीला जाळी मागितली, आणि ओटा कुणी मागितलाच नाही. घर म्हटलं की ओटा असतोच, तो काय मागायचा? पण जन्म सगळा ओट्यावरच जातो आमचा. आणि मी तर विकते ओट्यावर. ओटा नाही तर चूल नाही, चूल नाही तर माझ्या लेकराची, तडालाची, शाळा नाही.

"साहेब, ओटा पाहिजे," मी उभी राहून ओरडले.

त्यांनी मोजायची फीत लावली, डोकं खाजवलं. "प्रत्येक रांगेपुढे ओटा काढला तर मागची रांग सरकते. तिचं शेवटचं घर ओढ्यात जातं."

शेवटचं घर एलेसीचं. क्षणभर मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

मला वाटलं, आता ही माझ्या सात पिढ्या उद्धरणार. पण एलेसी उठली, कापडाच्या घरात गेली आणि आत जाऊन बसली. अख्ख्या दिवसात त्या घरात बसलेलं पहिलं माणूस. छत्र्यांच्या भिंतीतून तिची सावली दिसत होती. मला ते बघवेना. मला संताप आला, तिचा, साहेबांचा, ओढ्याचा.

"साहेब, पुढची रांग फिरवा की!" मी म्हटलं. "तिचं तोंड मागच्या रांगेकडे करा. मधला बोळ हाच दोघांचा ओटा. गाड्या आमच्या पाठीमागून जाऊ देत."

साहेबांनी फीत परत लावली. "बसतंय," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे बघून हसले. "पण तडालाच्या आई, तुमच्या दारासमोर कोण येतंय, बघितलंत ना?"

"आंधळी नाही मी. फिरवा."

डोरिकाने आनंदाने आरोळी ठोकली. बायकांनी एकेक बांबू धरला, अख्खं घर उचललं आणि गात गात गोल फिरवायला घेतलं. आत बसलेल्या एलेसीला कुणी सांगितलंच नव्हतं. भिंती चालू लागल्या तशी ती किंचाळत उठली आणि दार तिच्यापुढे निघालं म्हणून तीही दारामागे चालू लागली. आम्ही हसून हसून बेजार. साहेबांनी कोट काढून एक बांबू धरला.

घर टेकलं. एलेसी दारातून बाहेर आली, तेव्हा डोरिकाने तिला सगळं समजावलं. ती तरातरा माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"म्हणजे रोज सकाळी दार उघडलं की तुझं थोबाड?"

"उघडायला दार तर आहे ना तुला आता," मी म्हटलं.

तिने चितेंजेच्या टोकाने डोळे पुसले. मग माझ्या परातीतला मांडासी उचलला आणि माझ्या शेजारी फतकल मारून सगळाच्या सगळा खाल्ला.