पिकेटच्या अंगणातली वाळू

ऑल्टन स्टबलफील्ड इस्पितळात अखेरच्या घटका मोजत होता, तेव्हा त्याच्या दारचं गवत गुडघ्याला लागलं होतं. डॅलसच्या दक्षिणेची आमची माती काळी, चिकण. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर जन्मभर खपून ऑल्टनने रुंद पात्याची हिरवळ जोपासली होती. वसाहतीच्या समितीचा अध्यक्ष रँडल पिकेट समोरच राहायचा. त्याने भर जुलैत माणसं पाठवून ती मुळापर्यंत खरडून काढली. लोरीनबाई नवऱ्याला पुरून परतल्या, तर अंगणात नुसती भाजलेली माती.

"गवत वाढू द्यायचं नाही, हा वसाहतीचा नियम आहे, लोरीनबाई. राग मानू नका," पिकेट म्हणाला.

"छे, राग कसला!"

मी शेजारीण, त्यांना धरून उभी होते. त्यांची नखं माझ्या दंडात रुतली होती.

पुढच्या वसंतात पिकेटने त्याच जातीचं गवत आपल्या अंगणात लावलं आणि निर्लज्जासारखा विचारायला आला, "ऑल्टन काय करायचा हो? माझ्याकडे पाणी मुरतच नाही."

बाईंनी त्याला बसवलं, बर्फ घातलेला चहा दिला. "सोपं आहे. मातीत भरपूर वाळू मिसळा. रोज संध्याकाळी वरवर पाणी शिंपडा. आणि गवत कापायचं ते अगदी बारीक, गालिच्यासारखं."

तो गेल्यावर मी म्हटलं, "अहो, ऑल्टन तर आठवड्यातून एकदाच, पहाटे, खोलवर पाणी द्यायचा. गवत उंच ठेवायचा. चिकणमातीत वाळू घातली की वीट होते म्हणायचा."

"ठाऊक आहे मला. तू चहा पी."

ऑगस्टात पिकेटच्या अंगणाला कुदळ लागेना. वरवरच्या पाण्याने मुळं खाली गेलीच नव्हती. उन्हाने ती जाळून टाकली. तो तणतणत आला.

"तुम्ही मुद्दाम चुकीचं सांगितलंत!"

"मुद्दामच," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमची यंत्रं माझ्या दारात घरघरत होती, तेव्हा मी ऑल्टनच्या शवपेटीपाशी बसले होते. एक दिवस थांबला असतात, तर काय बिघडत होतं?"

पिकेट मान खाली घालून निघून गेला.

मला वाटलं, आता बाई रडतील. पण त्यांनी पीचचा केक कापला, मला एक तुकडा दिला, स्वतः दोन खाल्ले आणि खुर्ची खिडकीशी ओढली. समोर पिकेट पहारीने माती फोडत होता. अंधार पडेपर्यंत त्या बघत बसल्या.