दमयंतीबाईंचा हँडिकॅप

दमयंतीबाई गोल्फ खेळतात, असं नाशकात कुणी सांगितलं असतं तर ऐकणाऱ्यानं त्याला वेड्यात काढलं असतं. गोल्फ म्हणजे साहेबलोकांचा खेळ. पण न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थला मुलाकडे राहायला आल्या आणि शेजारणीनं, हुइयानं, त्यांना एका सकाळी गाडीत घालून क्लबवर नेलं. तिथे ट्रकवाले, नर्सबाया, निवृत्त मास्तर असे सगळेच खेळत होते. बाईंनी तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवलेली. मनगटात जोर होता, नजरही शाबूत होती. वर्षभरात त्या मंगळवारच्या बायकांच्या स्पर्धेत उतरायला लागल्या.

एका मंगळवारी त्यांच्या हातून काहीतरी अचाट घडलं. मारला तो चेंडू सरळ जात होता. हिरवळीवर नुसता ढकलला तरी खळग्यात पडत होता. सवलत धरून त्यांचे फटके सगळ्यांत कमी भरले आणि त्या पहिल्या आल्या. बक्षीस म्हणून लॅम्ब चॉप्सचा ट्रे मिळाला, तो शाकाहारी बाईंनी तिथल्या तिथे हुइयाला देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांनी फोनवर क्लबचं ॲप उघडलं आणि कप तसाच खाली ठेवला.

"क्षितिज, अरे माझा हँडिकॅप चौतीस होता ना? इथे एकतीस दाखवतंय."

क्षितिज रिसर्च इन्स्टिट्यूटला निघायच्या घाईत सायकलचं हेल्मेट शोधत होता. "अगं, चांगली खेळलीस म्हणून कमी झाला."

"मी जिंकले, आणि माझं कमी केलं?"

"हँडिकॅप म्हणजे तुझ्या एकूण फटक्यांतून वजा होणारी सवलत, आई. कच्च्या खेळाडूला जास्त, पक्क्याला कमी. तू पक्की झालीस म्हणून सवलत घटली. शेवटच्या वीस खेळांमधले सगळ्यात चांगले आठ धरून सरासरी काढतात. आणि एखाद्या दिवशी फारच चांगलं खेळलं, तर वर एक आकडा जादा कापतात."

"जादा का?"

"नियम आहे. चल, मला उशीर होतोय."

तो गेला. बाईंच्या डोक्यात "जादा कापतात" एवढंच घुमत राहिलं. दंड केल्याशिवाय जादा कोण कापतं?

पुढच्या मंगळवारी क्लबवर पाऊल टाकलं, तर लॉरेन नावाची उंच बाई सगळ्यांदेखत हात पसरून ओरडली, "आली बघा आपली बर्गलर!"

बायका खो खो हसल्या. बाईंना इंग्रजी चांगलं येत होतं. बर्गलर म्हणजे घरफोड्या. त्यांचे कान तापले. म्हणजे यांना वाटतंय, मी फटके चोरले! आकडा उगाच नाही कापला.

पहिल्या होलपासून त्यांचं लक्ष लागेना. गेल्या खेपेला सातव्या होलवर चेंडू वाळूत रुतला होता. बाहेर काढायला दोन फटके लागले की तीन? त्यांना काही केल्या आठवेना. त्यात वारा असा सुटलेला की टेकड्यांवरच्या पवनचक्क्या गरगरत होत्या आणि मारलेला चेंडू भलतीकडेच जात होता. बाईंनी आता प्रत्येक फटका मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. तरी एका झाडाखाली गोंधळ झालाच. संशय नको म्हणून होल संपल्यावर त्या म्हणाल्या, "सात लिही."

बाईंचं कार्ड लिहायचं काम हुइयाकडे होतं. तिची पेन्सिल थांबली. "सहा झाले, दामा. मी बघत होते."

"सातच लिही. एक जास्त झाला तर कुणाचं काय जातं?"

"मी नाही लिहिणार."

"अगं, मी माझंच नुकसान करतेय ना!"

हुइयानं कार्ड खिशात टाकलं. नेहमी हसरा असलेला तिचा चेहरा कठोर झाला होता. "नुकसान? फटके वाढवून लिहिले की हँडिकॅप वाढतो, सवलत वाढते, आणि मग पुढची स्पर्धा सोपी. खरे बर्गलर हेच करतात. तुला हे माहीत नाही?"

बाई मटकन बाकावर बसल्या. कमी लिहिलं तर चोरी, जास्त लिहिलं तरी चोरी! त्यांचे डोळे भरून आले. "मग मी करू तरी काय? तीस वर्षं मुलांना सांगत आले, खेळात लबाडी करू नका. आणि इथे मला सगळ्यांसमोर चोर म्हणतात."

हुइया शेजारी टेकली. "लॉरेनचं मनाला लावून घेतलंस? अगं, अनपेक्षित जिंकणाऱ्या प्रत्येकीला इथे तसं चिडवतात. ती जिंकली तेव्हा आम्ही तिला महिनाभर पिडलं होतं. आणि मागच्या मंगळवारचं कार्ड मीच लिहिलंय. वाळूत दोनच फटके झाले होते."

"नक्की?"

"मी काय उगाच सही करते?"

सहाच लिहिले. गेल्या खेपेपेक्षा एकूण सात फटके जास्त झाले. बाई मनाशी म्हणाल्या, बरं झालं, आता तरी तो आकडा वर जाईल.

दुसऱ्या दिवशी ॲप उघडलं. आकडा आणखी अर्ध्या अंकानं खाली गेला होता.

त्या स्लिपरवरच कुंपणापाशी गेल्या आणि हुइयाला हाक मारली. "वाईट खेळले तरी कमी! आता हे काय नवीन?"

"वारा," कपडे वाळत घालता घालता हुइया म्हणाली. "काल सगळ्याच बायकांचा बट्ट्याबोळ झाला. तसा दिवस असला की कॉम्प्युटर सगळ्यांना थोडी सूट देतो. त्या मानानं तू चांगली खेळलीस म्हणे."

"वाऱ्याचाही हिशेब? तुला कळतं हे सगळं?"

हुइयानं तोंडातला चिमटा काढला. "वीस वर्षं खेळतेय, अजून धड कळलेलं नाही. आकडा दिसतो तो बघते आणि मारते."

बाईंनी पुन्हा फोनकडे पाहिलं. साडेतीस. चांगलं की वाईट, देव जाणे. त्यांनी फोन गाऊनच्या खिशात टाकला आणि विचारलं, "मंगळवारी किती वाजता निघायचं?"