शेवटचं रीळ

मित्रांनो, मी एक जुनं ईसीजी यंत्र आहे. माणसाच्या छातीला आणि हातापायांना तारा लावल्या की त्याच्या हृदयाचे ठोके मी कागदाच्या पट्टीवर उतरवतो. हल्लीच्या यंत्रांना पडदा असतो, मला नाही. कागद संपला की मी नुसता डबा.

सरकारी दवाखान्यात मला आणलं, तेव्हा माझा काय थाट होता! पांढरंशुभ्र अंग, हिरवी बटणं. माझा ताबा सिस्टरताईंकडे आला. त्या मला रोज मऊ फडक्याने पुसायच्या आणि कुणी माझ्यावर पिशवी ठेवली तर त्याची खरडपट्टी काढायच्या. हमाल, मास्तर, भाजीवाल्या, सगळ्यांचे ठोके मी उतरवले. रांग लांबलचक असायची, पण कुणाला परत पाठवल्याचं मला आठवत नाही.

रस्त्यापलीकडे खाजगी हॉस्पिटल होतं. ताईंचा धाकटा भाऊ तिथे तंत्रज्ञ होता. दुपारी डबा खायला तो माझ्या खोलीत यायचा आणि बहीणभावाची जुंपायची.

"ताई, तुमच्याकडे मशीन असतं तर कागद नसतो, कागद आला की वीज जाते. आमच्याकडे बघ, सगळं जागच्या जागी."

"हो ना! साधी शिंक आली तरी माणसाला दोन दिवस झोपवून ठेवता."

"पण बरा होऊनच घरी जातो ना?"

"शिंक आपोआपच बरी होते रे!"

मला त्यांचं भांडण फार आवडायचं. आता वाटतं, ते तसं आवडायला नको होतं.

पुढे कागद यायचा बंद झाला. मागणीपत्रं पाठवून पाठवून ताईंनी हात टेकले. शेवटी एकच रीळ उरलं, तेही जेमतेम एका माणसापुरतं. नेमकी तेव्हाच मोठ्या साहेबांकडून दवाखान्याची तपासणी ठरली. मी चालताना दिसलो नाही तर मला मोडीत काढणार होते. म्हणून ताईंनी ते रीळ कपाटात कुलपात ठेवलं. भावाकडे माझ्याच मापाच्या रिळांनी फडताळ भरलेलं होतं. तो चिडवायचा, "एकदा म्हण, खाजगीच बरं. लगेच आणून देतो."

"मेले तरी म्हणणार नाही," ताई म्हणायच्या.

तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी ताईंचे वडील आले. निवृत्त पोस्टमन, भलते हट्टी. मुलगा समोरच्या हॉस्पिटलात असूनही ते लेकीच्याच दवाखान्यात यायचे. छातीत जळजळतंय म्हणाले. डॉक्टर बाहेरगावी शिबिराला गेले होते. ताईंनी नाडी पाहिली आणि कपाटाची किल्ली हातात घेतली.

"बाबा, पट्टी काढूया का?"

"शेवटचा कागद ना तो? माझ्यावर नको घालवूस. उद्या साहेब यायचेत. पित्त झालंय, दुसरं काय!"

"मग समोर धाकट्याकडे जाता का?"

"तिकडे? मग तो तुला जन्मभर ऐकवेल."

दोघंही हसले. किल्ली परत खिशात गेली. मित्रांनो, त्या वेळी मला ओरडता यायला हवं होतं.

त्याच दुपारी बाबा घरी खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. ताई नव्हत्या. कारकुनाने दुसऱ्या किल्लीने कपाट उघडलं. साहेबांनी त्यालाच झोपवलं आणि मी त्याची पट्टी काढली. धडधाकट माणूस, ठोके कसे एकसारखे! साहेबांनी शेरा लिहिला, 'यंत्र उत्तम स्थितीत'. इतकं कौतुक माझं कधी झालं नव्हतं, आणि इतकी लाजही मला कधी वाटली नव्हती.

काही दिवसांनी भाऊ रिळांचं खोकं घेऊन आला. ते माझ्याशेजारी ठेवत म्हणाला, "ताई, तू न मागताच मी द्यायला हवं होतं."

"मी मागायला हवं होतं रे," ताई म्हणाल्या.

त्यानंतरही ती दोघं माझ्याच खोलीत डबा खायची, पण वाद कधी झाला नाही. त्या खोक्यातल्या रिळांवर मी शेकडो माणसांचे ठोके उतरवले. आता पडद्याचं यंत्र आलंय आणि मी अडगळीत धूळ खात पडलोय.

सरकारी बरं की खाजगी, हे मला अजून कळलेलं नाही. पण मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन रस्त्याच्या कुठल्याही बाजूला काम करा, काही कमी पडलं तर पलीकडे जाऊन मागा. पलीकडच्याला हवं असेल तर तो हरायची वाट बघू नका. आमचा रस्ता जेमतेम वीस पावलांचा होता. एवढ्या माणसांच्या पट्ट्या काढल्या मी, बाबांची तेवढी राहिली.