सीफिसचा पिकअप सितियाला जातो

मित्रांनो, मी एक जुना निळा पिकअप. निळा म्हणायचं आपलं, आता अर्धाअधिक गंजच दिसतो. क्रीट बेटाच्या पश्चिम टोकाला, कीसामोसच्या वरच्या अंगाला एका अंगणात लिंबाच्या झाडाखाली माझा मुक्काम.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते हे, की बोटीतून उतरलो आणि सीफिस नावाच्या मिशाळ गड्याने माझ्या टायरला लाथ मारून बघितली. "चालेल," म्हणाला. झालं कौतुक. त्या माणसाच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी कधी ऐकलं नाही, बायकोचंसुद्धा नाही.

मग काय, कामाला जुंपलो. ऑलिव्हची पोती घाण्यावर न्यायची, बकऱ्या डोंगरावर न्यायच्या, कुणाच्या घरचं कपाट, कुणाच्या घरची वरात. सीफिसची लेक रोदान्थी माझ्यावरच गाडी शिकली. फाटकाला धडक दिली तो पोचा अजून माझ्या डाव्या गालावर आहे. मी तो कुणाला ठोकून काढू देत नाही. म्हणजे कुणी काढतही नाही म्हणा.

ही रोदान्थी मोठी झाली आणि सितियाच्या मिनासच्या प्रेमात पडली. सितिया म्हणजे बेटाचं पार दुसरं टोक. सीफिसला लेक शेजारच्या गल्लीत हवी होती. तो अंगणात उभा राहून ओरडला, "दुसरा नवरा नाही मिळाला? त्या घराला माझा पाय लागणार नाही, सांगून ठेवतो!" आमच्याकडचा माणूस एकदा बोलला की बोलला. लग्नाच्या दिवशी त्याच्या बायकोने, एर्गिनाने, माझ्या आरशाला पांढरी फीत बांधली. ती दुसऱ्यांच्या गाडीने गेली. मी आणि सीफिस दिवसभर अंगणात एकमेकांकडे बघत बसलो.

बरीच वर्षं तशीच गेली. मग एका हिवाळ्यात ऑलिव्हचं पीक कमी आलं, काम लवकर आटोपलं, आणि रोदान्थीचा फोन आला.

आमच्याकडे रीत आहे. नव्या वर्षाच्या दिवशी घरात ज्याचा पाय पहिला पडेल, त्याच्यासारखं वर्ष जातं. पाय उजवा हवा, आणि माणूस शुभ हवा. रोदान्थीकडे एका वर्षी साखर मागायला आलेली शेजारीण पहिली घुसली, त्या वर्षी वाऱ्याने छप्पर नेलं. दुसऱ्या वर्षी मिनासच बकरीला चारा घालून डावा पाय टाकत आत आला, आणि पाय मोडून बसला.

"या वर्षी पहिला पाय बाबांचा," ती आईला म्हणाली. फोनमधला आवाज मला अंगणात ऐकू येत होता. "ते येईपर्यंत दार उघडायची नाही. मिनासलाही कोंडून ठेवते. आणि आले नाहीत तर समजेन मी, परत नाही बोलावणार."

सीफिसने ताट ओढलं. जेवला, मिशा पुसल्या, बाहेर आला आणि माझं बॉनेट उघडलं. "ऑइल बघतो," म्हणाला.

उत्तरेच्या मोठ्या रस्त्याने गेलो असतो तर एका दिवसात पोचलो असतो. पण एर्गिना अडून बसली. "जन्म गेला ऑलिव्ह वेचण्यात. मला दक्षिणेकडून जायचंय, सगळे नातेवाईक करत. येताना उत्तरेने येऊ." नाताळ झाला आणि आम्ही निघालो.

वर आस्किफूला बर्फ पडलेला. तिथे सीफिसचा चुलतभाऊ स्त्रातिस. त्याने चीजचे चाकाएवढे गोळे माझ्या हौद्यात टाकले. खाली किनाऱ्याला लागलो तर एर्गिनाने गाडी थांबवायला लावली आणि बूट काढून पाण्यात गेली.

"वेडी झालीस का? छाती भरेल!"

"भरू दे. समुद्रात पाय घालून किती वर्षं झाली, सांग बरं."

 सीफिस तिचे बूट हातात धरून उभा राहिला, काखेत तिचे मोजे. मित्रांनो, तो बघण्यासारखा होता.

पुढे प्लाकियासला मावशीने संत्र्यांची पोती चढवली. स्पीलीला मधाचे डबे. मिरेसला एका माणसाला आम्ही फक्त रस्ता विचारला, त्याने रस्ता सांगितला आणि वर बटाटे दिले. त्याच्या शेजाऱ्याला वाटलं आपण मागे का, म्हणून त्याने एक जिवंत मेंढा बांधला. आमच्याकडे दिलेल्या वस्तूला नको म्हणणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडात मारणं. सीफिस प्रत्येकाला म्हणायचा, "अरे, कशाला?" आणि माझा मागचा फाळका उघडायचा. माझे स्प्रिंगचे पाटे पार सपाट झाले. मेंढा मागून माझ्या काचेत बघत होता, जसा काही मालक.

वर्षाच्या शेवटच्या दुपारी विआनोसचा चढ लागला. पाऊस भुरभुरत होता. मी पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढलो, क्लच जळल्याचा वास आला, आणि चढाच्या मध्यावर एका वाडीशी मी थांबलो. लाज वाटली, पण काय करू? जीव नव्हता.

"सामान उतरव," एर्गिना म्हणाली.

"भेट आलेलं रस्त्यात टाकू?"

"टाकू नको. वाटून टाक."

ते पटलं त्याला. वाडीतल्या कॉफीच्या दुकानात चीज दिलं, समोरच्या घरात संत्री, देवळाच्या पुजाऱ्याला मध. माझे पाटे जरा वर आले. पण भेट घेऊन नुसतं बसणारा माणूस आमच्या बेटावर जन्मायचाय. पुजारी वाइनचा पिंप घेऊन आला. समोरच्या घरातून अक्रोडाचं पोतं. दुकानाची मालकीण कालिरोई, हातात तुपाचा डबा आणि कोंबड्या. बघता बघता माझी पाठ पुन्हा टेकली. मेंढा तर गेलाच नव्हता.

सीफिसने टोपी काढून चेहरा पुसला. "एर्गिना, परत फिरू. उतार आहे, पिकअप आपोआप जाईल. देवाच्या मनात नाही."

"देवाला मध्ये आणू नकोस. मेंढा देवाने नाही दिला." ती माझ्या दाराशी वळली आणि त्याच्याकडे बघून हळू बोलली. "तुला नको म्हणता येत नाही, सीफिस. मेंढ्याला येत नाही, बटाट्याला येत नाही. पोटच्या पोरीला मात्र किती सहज म्हणालास."

मी त्या माणसाला ओझं उचलताना बघितलंय, भांडताना बघितलंय. असा टोपी पिळत बसलेला नव्हता बघितला.

मग तो उठला आणि भर पावसात उघड्या डोक्याने दुकानाच्या दारात जाऊन उभा राहिला. आत सगळे पत्ते खेळत होते.

"मंडळी," तो म्हणाला, "तुमचं काही घेता येणार नाही मला. राग धरायचा तर धरा. उद्या सकाळी सितियाला माझ्या लेकीच्या घरात पहिला पाय टाकायचाय. आजवर टाकला नाही मी. चूक माझी होती."

हातातले पत्ते टेबलावर पडले. मला वाटलं, आता भांडण होणार.

कालिरोई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लेक दार बंद करून बसलीय आणि तू इथे कोंबड्या घेतोयस? अरे उठा रे, मेल्यांनो! पत्ते नंतर कुटा!"

सगळं उतरवलं त्यांनी. मेंढासुद्धा. मग पुजारी, पत्तेवाले, कालिरोई, सगळ्यांनी माझ्या फाळक्याला खांदे लावले. "तू स्टिअरिंग धर रे, म्हाताऱ्या! एवढं तरी येतं ना?" कालिरोई ओरडली. पुजाऱ्याचा झगा चिखलात लोळत होता आणि तो त्याच्या धंद्याला न शोभणारे शब्द बोलत होता. माथ्यापर्यंत ढकललं मला. एवढी वर्षं सगळ्यांना मी वाहिलं, मित्रांनो. त्या दिवशी मला वाहिलं.

संध्याकाळी इएरापेत्राला टेकलो आणि उजाडता उजाडता सितियाला रोदान्थीच्या अंगणात येऊन थांबलो. दार बंद. सीफिसने खिशातून उंबऱ्यावर फोडायचं शकुनाचं डाळिंब काढलं आणि दार वाजवलं.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"तुझा बाप. उघड, पाय गारठले."

दार उघडलं. रोदान्थी बाजूला झाली. सीफिसने पाय उचलला आणि तो तसाच अधांतरी राहिला, उंबऱ्यावर.

आतून मिनास खुर्चीवरून ओरडला, "बाबा, उजवा! उजवा!"

"कळतंय मला, लंगड्या!"

आणि पाय पडला. डाळिंब उंबऱ्यावर आपटलं, दाणे सगळीकडे उडाले, लेकीच्या केसात, त्याच्या मिशीत. कुणी पुसले नाहीत. रोदान्थीने त्याची बाही पकडली आणि दुसरा पायही आत ओढून घेतला. मग एर्गिना गेली, आणि दार लागलं. मी बाहेर उभा, इंजिन टिकटिक करत थंड होत होतं. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

येताना उत्तरेच्या रस्त्याने आलो, हौदा रिकामा. आता माझ्याने लांबचं होत नाही. सीफिस मला भंगारात काढायचं म्हणतो आणि दर रविवारी बॅटरी चार्ज करतो.

तर पोरांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी जुनं वाहन असेल तर त्याची हवा बघा, ऑइल बघा, झेपेल तेवढंच लादा. आणि ज्या दाराशी जायचं तुमच्या घरच्यांचं राहून गेलंय, तिथे त्यांना एकदा घेऊन जा. चढाला वाहन अडलं, तर उतरा खाली आणि ढकला.