सरावाच्या कोठीतले शब्द

शेषेरावांच्या ज्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, ते अगदी छोटं होतं. "तुमच्या शब्दांची वाट पाहतो आहे. थकला असाल तर तसं कळवा, राग नाही." खाली सही आणि सहीखाली नेहमीप्रमाणे "वहिनींना नमस्कार". दुसरा कुणी त्याच दिवशी दोन ओळी खरडून मोकळा झाला असता. मी कागद घेऊन बसलो, फाडले, पुन्हा बसलो. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग इतक्या उशिरा काय लिहायचं, या विचारानं तेही थांबलं.

शेषेराव आणि मी कॉलेजात असताना नांदेडला एका खोलीवर राहायचो. पुढे ते मुदखेडला रेल्वेत लागले, मी लातुरात शाळेवर मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर दोघांनी मिळून एक काम काढलं : आपल्या भागात बोलले जाणारे शब्द जमवायचे, कोण कुठं कसं म्हणतं त्याच्यासकट. नांदेडकडचे त्यांनी, लातूर-जळकोटकडचे मी. त्यासाठी माझ्या सुनेनं, वर्षाराणीनं, एक प्रोग्रॅम करून दिला. ती बियाण्यांच्या एका कंपनीत संगणकाचं काम बघते. प्रोग्रॅम दोघांच्याही घरी, पण शब्द एकाच ठिकाणी, भाड्याच्या सर्व्हरवर साठणार. त्यांनी घातलेला शब्द मला दिसावा, माझा त्यांना. शेषेरावांना आता ऐकू येत नाही, त्यामुळे फोनचा प्रश्नच नव्हता.

मी रोज सकाळी चहा झाला की शब्द घालत होतो. पण माझ्या पडद्यावर त्यांचा एकही शब्द येत नव्हता. त्यात हे पत्र. मी त्याचा अर्थ लावला तो असा की, माझे शब्द त्यांनी पाहिले, त्यांना ते हलके वाटले, म्हणून त्यांनी स्वतःचे घालणं थांबवलं. वाट पाहत होते ती बऱ्या शब्दांची. माणूस सभ्य, म्हणून इतकंच लिहिलं. हा अर्थ मला इतका पटला की दुसरा काही असू शकेल, हे सुचलंच नाही. तरी सकाळचं काम मी सोडलं नाही. सवय म्हणा.

यंदा नायगावला एका लग्नाला सिंधू, माझी बायको, गेली होती. तिथं तिला शेषेरावांच्या पत्नी चंद्रप्रभाबाई भेटल्या. परत आल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आधीच सिंधू म्हणाली, "तुम्ही रोज सकाळी करता काय वो त्या डबड्यावर?"

"शब्द घालतो."

"मग जातेत कुठं? चंद्रप्रभाबाई म्हणून राहिल्या, दोन वर्षांत तुमचा एक शब्द आला न्हाई. शेषेरावभाऊ रोज उघडून बघतेत म्हणं. आता ते पण बंद करायचं म्हणालेत. एकट्यानं कशाला करू म्हणतेत."

त्यांनी माझे शब्द हलके ठरवले नव्हते. त्यांनी ते पाहिलेच नव्हते.

"ते घालतात?" मी विचारलं.

"हाव. लई घातलेत म्हणं."

रविवारी वर्षाराणीला सुट्टी होती. तिनं माझा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर घेतला. शब्द कुठल्या कोठीत ठेवायचे, हे प्रोग्रॅमला एका छोट्या फाईलीतून कळतं. सर्व्हरवर आमच्या दोन कोठ्या होत्या, एकीचं नाव कोश, दुसरीचं सराव. माझ्या हातून सगळं पुसलं जाईल, अशी मला पहिल्यापासून धास्ती, म्हणून शिकण्यापुरती सराव ही कोठी केली होती. तिथं हात बसल्यावर वर्षाराणीनं ऑफिसातून फोनवर सांगितलं आणि मी माझ्या हातानं त्या फाईलीतला सराव खोडून कोश लिहिला. ते नाव बरोबर आहे ना, हे मी नंतर कितीदा तरी उघडून पाहिलं होतं.

"फाईल बरोबर आहे, अण्णा," वर्षाराणी म्हणाली. "कोशच लिहिलंय."

"मग माझंच काहीतरी चुकलं असणार."

"काय चुकलं?"

"ते माहीत नाही."

"ह्यांचं असंच," सिंधू कोथिंबीर निवडत म्हणाली. "आधी चूक कबूल करतेत, मग हुडकायला बसतेत."

वर्षाराणीनं पासवर्ड तपासला. सर्व्हरचा पत्ता एकेक अक्षर वाचून पाहिला. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला. माझेच शब्द, दुसरं काही नाही. ती हनुवटीवर हात ठेवून बसली. मला एक गोष्ट सांगावीशी वाटत होती, पण तिच्या कामात आपण काय सांगणार, म्हणून मी चष्मा पुसत राहिलो.

"बोला की," सिंधू म्हणाली. "चष्मा किती पुसता?"

"काही नाही. मी वर्गात एक करायचो," मी म्हणालो. "शिकवताना मधेच एक वाक्य मुद्दाम चुकीचं बोलायचो. म्हशीनं अंडं दिलं, असं काही. जो हसला नाही, तो ऐकत नसायचा."

वर्षाराणीनं माझ्याकडे पाहिलं. मग त्या फाईलीतलं कोश खोडून विचारलं, "आई, एक शब्द सांगा. काहीही."

"वांगं."

तिनं वांगं लिहिलं. वांगं नावाची कोठी जगात कुठंच नव्हती. प्रोग्रॅमनं तक्रार करायला हवी होती. तो नेहमीसारखा उघडला आणि माझे सगळे शब्द जागच्या जागी दिसले.

"हसला नाही," मी म्हणालो.

"म्हणजे ही फाईल तो ऐकतच नाही." तिच्या बोटांना एकदम वेग आला. "फाईल काय म्हणते ते राहू द्या. त्यालाच विचारू, बाबा, तू जोडलायस कुठं?" तिनं एक ओळ लिहिली. खाली उत्तर उमटलं : सराव.

दोन वर्षं मी सरावच करत होतो.

मग त्याला हे सांगितलं कुणी, ते शोधणं आलं. लॅपटॉपमध्ये वरच्या फोल्डरात आणखी एक सेटिंगची फाईल निघाली. वर्षाराणीनं ती वाचली आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"अण्णा, हे मीच लिहिलंय. तुम्हाला भीती वाटायची ना, खालच्या फाईलीत चुकून काही बदललं तर काय, म्हणून मी वरती सराव हेच नाव पक्कं करून ठेवलं होतं. तुम्ही खाली काहीही लिहा, खऱ्या कोशाला धक्का लागायचा नाही. वरचीत नाव असेल तर प्रोग्रॅम खालचं धरत नाही. आणि नंतर ते काढायचं विसरूनच गेले." तिचा आवाज बारीक झाला होता.

"म्हंजे सासूचं ऐकतंय, सुनंचं न्हाई," सिंधू म्हणाली. "चांगल्या घरात शिकलंय की ते."

वर्षाराणी हसली, मग डोळे पुसले. मी तिला म्हणालो की भीती माझी होती, तू फक्त तिला कुंपण घातलंस. हे मी तोंडानं म्हणालो की मनात, आता आठवत नाही. मनातच म्हणालो असेन.

तिनं वरची ओळ काढली, खाली पुन्हा कोश लिहिलं. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि मग भरायला लागला.

शेषेराव काही कमी कामाचे नव्हते. माळवं म्हणजे भाजीपाला, झुंजुरकं म्हणजे पहाट, उंडे म्हणजे पिठाचे गोळे, असे एकाखाली एक. प्रत्येकापुढे गाव, सांगणाऱ्याचं नाव, आणि शेवटी शेऱ्याची चौकट. ती मी कधी वापरलीच नव्हती. त्यांनी ती माझ्याशी बोलायला वापरली होती. "कडूसं : संध्याकाळ. दिवस बुडाल्यावर लगेच, की दिवे लागल्यावर? जळकोटकडे काय, हणमंतराव?" त्याच्या खाली आणखी एक, तसाच प्रश्न. "आदमुरं : पुरतं न लागलेलं दही. हणमंतराव खोलीवर हेच खायचे, दही लागेपर्यंत धीर नसायचा." पुढं पुढं प्रश्न आखूड होत गेले होते. शेवटच्या काही शब्दांपुढे चौकट रिकामी होती.

वर्षाराणी म्हणाली, "तुमचे सरावातले सगळे शब्द आता कोशात टाकते. पाचच मिनिटं."

"नको. बरेच चुकीचे असतील."

"असतील तर काका सांगतील. त्यांना तेवढंच हवंय."

"मग आधी पत्र जाऊ दे. शब्दांच्या आधी उत्तर पोचायला पाहिजे."

"शब्द आत्ता पोचतील, पत्र दोन दिवसांनी," ती म्हणाली. "दोन दिवस काकांना आणखी थांबवायचं?"

मी टाक म्हणालो.

पत्र लिहायला दुपार गेली. माझी जुनी उत्तरं माफीनं सुरू व्हायची आणि तिथंच अडकायची. या वेळी मी त्यांच्या प्रश्नांपासून सुरुवात केली. "कडूसं : आमच्याकडे दिवे लागल्यावरच म्हणतात." मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. आदमुऱ्याबद्दल लिहिलं की धीर नव्हता हे खरं, पण पातेलं निम्मं तुम्हीच संपवायचा. शब्द कुठं जात होते ते अगदी शेवटी, चार ओळींत. आणि मी थकलो नाही, हे.

संध्याकाळी सिंधू आणि मी मोठ्या पोस्टापाशी गेलो. पेटीसमोर मी पाकीट हातात धरून उभा राहिलो. तिकीट नीट चिकटलंय का पाहिलं. पत्ता वाचला.

"टाका की आता," सिंधू म्हणाली. "कडूसं पडलं. माळवं घ्यायचं हाय अजून."

मी वर पाहिलं. दिवस बुडाला होता, पण रस्त्यावरचा एकही दिवा लागलेला नव्हता. सिंधूही जळकोटचीच. इतकी वर्षं ती माझ्या घरात तो शब्द बोलत होती आणि मी तिला कधी विचारलं नव्हतं.

"काय झालं?"

"पहिलंच उत्तर चुकलंय. पाकीट फोडावं लागेल."

तिनं पाकीट माझ्या हातातून घेतलं आणि पेटीत टाकलं. आत ते पडल्याचा आवाज आला.

"दुरुस्तीचं कार्ड उद्या टाका," ती म्हणाली. "भाऊंला दोन पत्रं आलेली आवडतील."