सगळ्यांनी खाली उतरा

कारेलीबागेतल्या ड्रायव्हिंग क्लासमध्ये हिंमतरावांनी गॅस भरायचे नियम माझ्याकडून पाढ्यांसारखे घोकून घेतले होते. इंजिन बंद, हँडब्रेक वर, मोबाइल बंद, विडी-काडी नाही, आणि गाडीतल्या सगळ्यांनी खाली उतरून पिवळ्या पट्टीच्या पलीकडे उभं राहायचं. सीएनजीला दाब फार असतो, तेव्हा म्हातारं असो की बाळंतीण, आत कुणी बसायचं नाही, असं ते बजावत. बावन्नाव्या वर्षी गाडी शिकणाऱ्या बाईला जरा जास्तच बजावत, पण त्यांचं पटायचं. उतरायला तयार नसलेल्या माणसाला कसं उतरवायचं, ते मात्र त्यांनी शिकवलं नव्हतं.

त्या दुपारी मी आईला पादरा गावाकडच्या एका वृद्धाश्रमात सोडायला निघाले होते. आई ब्याऐंशी वर्षांची. वर्षभरात तिची आठवण पार विरून गेली होती. मी शाळेत शिकवत असताना ती दोनदा घराबाहेर पडली, त्यातलं एकदा पेटत्या गॅसवर रिकामं पातेलं ठेवून. सोबतीला ठेवलेल्या तिन्ही बायका महिन्याच्या आत काम सोडून गेल्या. भाऊ सौमित्र परदेशातून फोनवर म्हणाला की ताई, जरा प्रॅक्टिकल हो. त्याला काय, दुरून डोंगर साजरे. पण मी झाले प्रॅक्टिकल. आईला सांगितलं, फिरायला जाऊ. पाचच्या आत पोचायचं होतं, नाहीतर ते जागा दुसऱ्या कुणाला देणार होते.

निघायच्या घाईत गॅस बघायचा राहिला. शहर संपता संपता गॅस दाखवणारा शेवटचा दिवा लाल झाला, आणि पेट्रोलचा काटा तर आधीच तळाला टेकलेला. नवशिकेपणा म्हणतात तो हाच. पहिला पंप दिसला तिथे वळले. रिक्षांच्या रांगेत पाऊण तास गेला तेव्हा कुठे आमची पाळी आली.

"बेन, बधा नीचे उतरी जाव," पंपावरचे नंदूभाई गुजरातीत म्हणाले. नाव त्यांच्या खिशावर होतं.

मी उतरले. आईने सीटबेल्ट दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"मी नाही उतरणार. तू मला इथे सोडून जाशील."

सकाळी काय खाल्लं ते तिला सांगता येत नव्हतं, पण हे बरोबर कळलं होतं. मी गोडीगुलाबी केली. मग वर्गातल्या आवाजात दटावलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. बा उतरल्याशिवाय नळी लावणार नाही, असं नंदूभाईंनी शांतपणे सांगितलं. त्यांचं बरोबर होतं, आणि त्याचाच मला संताप आला. मी आईचं मनगट धरून ओढलं. ती कळवळली. साडेचार वाजून गेले होते. मला दुसरं काही सुचेना.

"आईशपथ," मी म्हणाले, "तुला सोडून कुठेही जाणार नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच बेल्ट सोडला. लहान मुलासारखी हात धरून उतरली. जन्मात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मी तिला पट्टीपलीकडे उभं केलं. नंदूभाईंनी डिकी उघडायला सांगितली, गॅसच्या टाकीवरची तपासणीची तारीख बघायची होती. पहिल्यांदा आलेली गाडी दिसली की बघावीच लागते, म्हणाले. टाकीला टेकून आईची बॅग होती. मी पुढे होईपर्यंत त्यांनी ती उचलून बाहेर ठेवली, वर आईची गोधडी. वृद्धाश्रमाच्या सूचनेप्रमाणे प्रत्येक कपड्यावर मी लाल दोऱ्याने नाव घातलं होतं. गोधडीवरचं 'लीला' लांबूनही वाचता येत होतं.

आई आली, तिने नाव वाचलं. आरडाओरडा करेल म्हणून मी मन घट्ट करून उभी राहिले. तिने गोधडी काखेत घेतली, बॅग उचलली आणि पिण्याच्या पाण्यापाशी असलेल्या बाकावर जाऊन बसली.

"जागा बरी आहे, मोकळी आहे," ती म्हणाली. "तू नीघ आता. तुला उशीर होईल."

तिला वाटलं होतं, वृद्धाश्रम म्हणतात तो हाच.

गॅस भरला. नंदूभाई गाडी पुढे घ्या म्हणून हात हलवत होते, मागचे ओरडत होते. बाजूला लावायला जागा नव्हती आणि मला रिव्हर्स नीट जमत नाही. आईवर लक्ष ठेवा, असं त्यांना सांगून मी गाडी पुढे घेतली. वाट थेट हमरस्त्यावर निघाली, मधे दुभाजक. आरशात आई दिसली. तिने हात वर केला होता, मला निरोप द्यायला.

वळायला जागा मिळेपर्यंत मी दोन किलोमीटर गेले. त्यातल्या थोड्या वाटेवर माझ्या मनात आलं, की असंच पुढे जावं. शाळा, घर, पातेली, काही नको. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मग मी रडत रडत गाडी वळवली. एका ट्रकवाल्याने शिवी दिली, ती मला लागूच होती.

परतले तेव्हा आई तशीच बसली होती. मला बघून हसली.

"अगं, एवढ्यात भेटायला आलीस?" तिने सरकून मला जागा करून दिली. "घरी सगळे बरे आहेत ना?"

पाच वाजून गेले होते. उद्या सकाळी तिच्यापाशी कोण थांबणार, मला ठाऊक नव्हतं. सौमित्रला काय सांगायचं, तेही नाही.

"भेटायला नाही, न्यायला आलेय," मी म्हणाले. "घरी."

तिने घाबरून पंपाकडे पाहिलं. "असं सोडतात का हे लोक?" तिने हळूच विचारलं. मी काही बोलायच्या आत ती बॅग घेऊन पिवळ्या पट्टीपाशी गेली आणि नंदूभाईंचं काम संपेपर्यंत अदबीने उभी राहिली.

"भाई," ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, "मारी दीकरी आवी छे. हुं जाउं?"

नंदूभाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"हा बा," ते म्हणाले, "जाव."